चार काड्यांची रोवणी

माझी आई मला ‘बाई’ म्हणते. ‘या बाई, बसा’ म्हणते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगते. मी दारात चप्पल काढते, पिशवी खाली ठेवते आणि माझ्याच घरात पाहुण्यासारखी खुर्चीवर बसते. असं होऊन आता दोन वर्षं होत आली.

सुरुवातीला मी हसून घेत असे. वय झालं की विसरतात माणसं. पण तिला म्हैस आठवते, म्हशीची आई आठवते, पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या बांधीत किती बायांनी रोवणी केली ते आठवते. आठवत नाही ती मी. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच, जुनं राहतं आणि नवं गळतं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, मी त्रेपन्न वर्षांची आहे, मी काय नवी आहे? ते बिचारे कागदावर काहीतरी लिहीत राहिले. निघताना मात्र भावाला बाजूला घेऊन म्हणाले, यंदाच्या दिवाळीपर्यंत यांचं बोलणंही कमी होत जाईल.

मी रत्नमाला. साकोलीच्या शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे आता थकून गप्प झाले आहेत. शाळेत मी मॅडम, विहारात रत्नमालाताई, भाऊ अनुपसाठी नुसती ताई. ‘माली’ म्हणणारी माणसं जगात दोनच होती. त्यातले बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. राहिली आई, आणि ती मला बाई म्हणते.

बाबा गेल्यावर मी नागपूरला दहा दिवसांच्या शिबिराला गेले. दहा दिवस मौन, पहाटेपासून बसणं आणि नाकाखाली, वरच्या ओठाच्या त्या एवढ्याशा जागेवर श्वास पाहणं. तिथून आले ती पुरती त्यातलीच झाले. आता गावी गेलेली नसले की रविवारी सकाळी साकोलीच्या विहारात पंचवीसतीस लोकांना मी ध्यानाला बसवते. ‘मी’ ही नुसती सवय आहे, असं मी त्यांना सांगते. डोळे मिटा आणि आत शोधा, कुठे सापडतो का हा ‘मी’. लोक माना डोलावतात. मी बरी बोलते, हे मला ठाऊक आहे. एकदा खिडकीजवळच्या माझ्या नेहमीच्या जागेवर एक नवीन बाई येऊन बसल्या, तर तो अख्खा तास माझा श्वास राहिला बाजूला आणि मी त्यांच्या पाठीकडेच बघत होते. हे अर्थात मी कोणाला सांगितलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कोणी करून ठेवली असावी.

खरं दुखणं वेगळंच होतं. अनुपचा फोन यायचा. "ताई, काल सांजच्याले आई दारात बसून तुह्यं नाव घेऊन राहिली होती. माली आली नाई अजून, माली आली नाई, एवढंच."  शनिवारी दुपारी शाळा सुटली की साकोलीहून तुमसर, तुमसरहून सिहोरा, आणि सिहोऱ्याहून जे मिळेल ते वाहन करून मी गावी पोचायची. दारात आई बसलेली असायची. मला बघून पदर घ्यायची. "या बाई, बसा. सरिते, च्या मांड वो, शाळेतल्या बाई आल्या."

म्हणजे माझं नाव तिच्यापाशी होतं. मी नसताना ते तिच्या तोंडात यायचं आणि मी आले की कुठे जायचं कोण जाणे. ते संपून जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्याकडे बघून मला माली म्हणावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

एप्रिलमध्ये मी पुन्हा शिबिराला गेले. दुपारी आचार्यांना प्रश्न विचारता येतात. मी विचारलं, "माझी आई मला ओळखत नाही. मी काय करू?"

ते म्हणाले, "कोणाला ओळखायला हवं आहे तुम्हाला?"

मला असा राग आला म्हणता! असली उत्तरं द्यायला काय जातं? गादीवर बसून शांतपणे बोलायचं आणि समोरच्यानं मान डोलवायची. मग माझ्या लक्षात आलं की रविवारी विहारात मीही तेच करते, आणि माझा राग आणखी वाढला. उरलेले दिवस मी डोळे मिटून त्यांच्याशी भांडत काढले.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, बौद्धांचा पावसाळ्यातला साधनेचा काळ, लागला, तेव्हा मी ठरवलं की तीन महिने सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. बसल्यानंतर शेवटी मैत्री भावना करतात. सगळे प्राणी सुखी होवोत, निर्भय होवोत. ती झाली की मी मनातल्या मनात एक वाक्य हळूच जोडायची: आणि आईनं मला एकदा माली म्हणावं. ही शुद्ध देवाणघेवाण होती. समोर मूर्ती ठेवून नवस बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर टीका केली, आणि माझा नवस तेवढा डोळे मिटून चालला होता. कळत होतं, पण सुटत नव्हतं.

आणि मी आईची परीक्षाही घ्यायची. गणिताची बाई दुसरं काय करणार? दर खेपेला फोटो न्यायची. हा कोण? ही कोण? मी कोण? चुकली की सांगायची, आणि सांगून झालं की पुन्हा विचारायची. ती म्हणायची, "आज मंगळवार हाय न?" की मी म्हणायची, "नाही आई, आज रविवार आहे." ती म्हणायची, "अनुपचा बाप वावरात गेला." मी म्हणायची, "बाबा वारले, आई." मग ती नव्यानं रडायची. अनुप मान फिरवून बाहेर निघून जायचा.

गेल्या महिन्यातला तो रविवार. मी आदल्या संध्याकाळी आले होते. सकाळी माझा तास बसून झाला, मन चांगलं शांत होतं, म्हणून मी आईजवळ पाट ओढून बसले. या वेळी मी वसतिगृहातला फोटो शोधून आणला होता. आठवीपासून मी तुमसरच्या वसतिगृहात होते आणि दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची. फोटोत दोन वेण्या, निळा स्कर्ट आणि कपाळावर आठ्या. मी तेव्हाही चिडकीच होते.

"आई, ही कोण?"

तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला. "चांगली हाय पोरगी."

"पण कोण आहे?"

"तुमची हाय काय?"

"आई, ही मी आहे. मी. माली. बघ माझ्याकडे." मी तिची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. "म्हण, माली."

माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं. आईनं माझा हात बाजूला केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सरिताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ह्या बाईले का पायजे वो? माह्यं काई चुकलं का?"

अनुप अंगणातून आत आला. कधी मोठ्यानं न बोलणारा माझा भाऊ. "ताई, तू काय पेपर तपासून राहिली काय? आई हाय ते. तुले पास-नापासच करायचं असन, त शाळेतच थांबत जाय."

  मी फोटो पिशवीत टाकला, साडी खोचली आणि सरळ वावराचा रस्ता धरला. आमची अडीच एकराची धानाची शेती बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, खालच्या अंगाला आहे. बोडी भरली होती. बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांमध्ये, पाणी होतं, चिखल झाला होता आणि रोवणी चालू होती. पाचसहा बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत होत्या. आमच्या शेजारच्या शकुनबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, इकडं कुठं?"

"रोवायला आले."

"हे चिखल हाय बाप्पा, खडू नाई!" सगळ्या हसल्या.

मी चप्पल धुऱ्याच्या बांधावर काढली आणि बांधीत उतरले. पाय पोटरीपर्यंत आत गेले. तीस वर्षांत मी रोवणीला हात लावला नव्हता. शकुनबाईंनी पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, एक जुडी माझ्याकडे फेकली आणि कडेची जागा दाखवली. मी वाकले आणि लावत सुटले. रागानंच लावत होते. अनुपचा राग, आचार्यांचा राग, आईचा राग आणि या सगळ्यांवर रागावणाऱ्या माझा राग. पाठीला कळ लागली, नखांत चिखल गेला, मग हळूहळू काहीच आठवेनासं झालं. हात जुडीत जायचा, रोपांच्या काड्या सुटायच्या, अंगठा चिखलात बुडायचा. किती वेळ गेला कोण जाणे. विहारातल्या तासाला मी दर पाच मिनिटांनी मनात घड्याळ बघते, इथे ते आठवलंही नाही.

सरिता दुपारची भाकर घेऊन आली, तेव्हा तिच्याबरोबर आई होती. एका हातात काठी आणि दुसरा हात सरिताच्या खांद्यावर. "घरी राहतच नोयत्या," सरिता म्हणाली. "रोवना हाय म्हनलं, त उठूनच उभ्या झाल्या." तिनं आईला धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसवलं. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं पुन्हा पदर घेतला असता.

बाया हात धुऊन भाकरी सोडायला बसल्या. मी एकटीच मागे राहिले होते. तेवढ्यात आईचा आवाज आला.

"हे कोनं रोवलं वो?"

हा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. आमची आई गावात रोवणीला एक नंबर. लोक तिला आधी बोलावून ठेवायचे, आणि तिच्या ओळीत कोणी कामचुकारपणा केला की असाच आवाज निघायचा. ती काठी टेकत धुऱ्याच्या कडेला आली होती आणि मी लावलेल्या तुकड्याकडे बघत होती.

"ह्या मॅडमनं," शकुनबाई म्हणाल्या. "काहून, बरोबर नाई का?"

आई खाली बसली. धुऱ्यावरूनच हात लांब करून तिनं एका जागी रोवलेलं एक चूड उपटलं, पाण्यात खळबळून चिखल धुतला आणि बोटांनी काड्या वेगळ्या केल्या. एक, दोन, तीन, चार. दुसरं उपटलं. चार. मी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दोन काड्या लावायच्या असतात, फार तर तीन. मी सगळीकडे चार लावल्या होत्या. कोणी मला विचारलं असतं, तर मी दोनच लावल्या असं शपथेवर सांगितलं असतं.

"पऱ्हे का फुकटचे येतात?" आई म्हणाली. आणि मग ती एकदम हसली. तोंडात चार दात उरले आहेत, ते सगळे दिसले. "माही माली अशीच रोवते."

माझे पाय चिखलात होते तसेच राहिले.

"दोन काड्या लाव म्हनलं, त चार लावते पोरगी," ती शकुनबाईंना सांगत होती. "म्या म्हनलं, काहून वो माली? त म्हन्ते, एकटी-दुकटी राहिली त तिले अंधारात भेव लागल. चार जनी असल्या म्हन्जे बोलत राहतीन." ती पुन्हा हसली. "मंग म्या बी तिले काई म्हनलं नाई. त्या कोपऱ्यातलं धान दाट झालं, फुटवाच नाई आला. मालक म्हने, हे कोनाची करनी? म्या म्हनलं, माही. पोरीले कायले बोलू द्याचं?"

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. काड्यांना भीती वाटेल असं म्हणणारी मुलगी मला आठवत नव्हती. आईनं माझ्यासाठी मालकाची बोलणी खाल्ली, हे मला कधी कळलंच नव्हतं. दोन वर्षं मी फोटो घेऊन आईला विचारत होते, ही कोण, ही कोण. मला तरी कुठे ठाऊक होतं? मला वेण्या ठाऊक होत्या, स्कर्ट ठाऊक होता, गणितातले गुण ठाऊक होते. ही घाबरट, मायाळू पोर आईनं एवढी वर्षं जपून ठेवली होती, आणि आईलाच अडाणी ठरवून मी तिची उजळणी घेत होते.

आणि माली हे नाव तिनं घेतलं होतं. माझ्यासमोर, चार हातांवर. आता फक्त सांगायचं बाकी होतं. आई, मीच ती. बघ, माझाच हात आहे हा. इतकी वर्षं ओठावरच्या ज्या जागेवर मी श्वास पाहत आले, नेमक्या तिथे तो ‘मी’ येऊन थांबला. मला तो स्पष्ट जाणवला, गरम, थरथरता. एवढं जोरात मला आयुष्यात दुसरं काही म्हणावंसं वाटलं नव्हतं.

मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती अजून हसत होती. सकाळी हेच तोंड माझ्या हातात होतं आणि माझं काही चुकलं का, असं विचारत होतं. मी सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडे पाहिलं असतं, पांढरे केस, चष्मा, त्रेपन्न वर्षांची बाई, आणि तिची माली तिथल्या तिथे हरवली असती. मी तो शब्द गिळला. 

चिखलातून बाहेर येऊन मी तिच्याशेजारी धुऱ्यावर बसले. तिनं सवयीनं पदर डोक्यावर ओढला आणि मला बसायला पोतं सरकवलं.

"कशी आहे हो तुमची माली?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी आईला ‘तुमची’ म्हटलं.

"चिडकी हाय," आई लगेच म्हणाली. "बापावर गेली. पन बाई, मनाची लय नरम. कोनाले दाखवत नाई. तुमसरले शिकते. तिथं तिले करमत नाई, पन सांगत नाई. सनवारी येते न, त पयले माह्या पदराले तोंड पुसते, मंग बोलते."

"आणि तुम्हाला करमतं का तिच्याशिवाय?"

 उपटलेल्या चार काड्या तिच्या हातातच होत्या. तिनं त्या पुन्हा एकत्र केल्या, वाकून चिखलात अंगठ्यानं दाबल्या आणि बाजूचा चिखल सारखा केला. चारही. एकही कमी केली नाही. मग ओले हात लुगड्याला पुसून तिनं बोडीच्या पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्यानं सिहोऱ्याकडून येणारी माणसं दिसतात.

"आज सनवार हाय न बाई?"

रविवार होता. विहारात ‘खोटं बोलणार नाही’ असं पंचशील म्हणणाऱ्या, मुलांची बेरीज एकानं चुकली तरी लाल पेन काढणाऱ्या मी म्हटलं, "हो. शनिवारच आहे."

"मंग येते ते. सांजच्या गाडीनं येते." तिचा चेहरा उजळला. "तुमी थांबा न बाई. तुमची भेट होईन तिच्यासंगं."

सरिता माझ्यासाठी भाकरी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. तिनं डोळ्यांना पदर लावला. मी तिला मानेनंच जा म्हणून खुणावलं. बाया पुन्हा बांधीत उतरल्या. शकुनबाईंनी माझ्या तुकड्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुढची ओळ धरली.

माझी साकोलीची गाडी दीड वाजताची होती. दुसऱ्या दिवशी पहिला तास नववीचा. मी चिखलाचे पाय पोटाशी घेतले. आईनं माझ्या गालावर उडालेला चिखल पाहिला आणि काही न विचारता आपल्या पदराच्या टोकानं तो पुसून काढला, रस्त्यावरची नजर न काढता.

"थांबते," मी म्हटलं. "मलाही भेटायचंच आहे तिला."

आणि मग आम्ही दोघी तिथे बसून रस्त्याकडे बघत राहिलो.